दगडू मारुती पवार आणि दया पवार: एका माणसाची दोन नावं

(संगमनेर इथं तरुण वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही फाटे कमी केले आहेत.)



मला विषय दिलाय ‘कादंबरीकार आणि त्याचा नायक’. या विषयावर कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नायक म्हणजे लेखक स्वतःच का? हे सगळं त्याच्या आयुष्यात खरंच घडलं का? मग बोलणारा म्हणतो, थोडं घडलं, थोडं रचलं. तिथंच चर्चा संपते आणि चहा येतो. म्हणून मी आपल्या जिल्ह्यातलं एक असं उदाहरण घेतो, जिथं हा प्रश्न विचारावाच लागत नाही. लेखकानं त्याचं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकलंय. पण ते अशा पद्धतीनं दिलंय की त्यातून दुसरेच प्रश्न उभे राहतात, आणि ते प्रश्न इथं बसलेल्या आपल्या सगळ्यांचे आहेत.

अकोले तालुक्यात धामणगाव नावाचं गाव आहे. इथून फार लांब नाही, तुमच्यातले काही जण भंडारदऱ्याला जाता-येता त्या भागातून गेले असतील. १९३५ साली तिथल्या महारवाड्यात एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं दगडू. दगडू मारुती पवार. हा मुलगा काही वर्षं मुंबईत वाढला, काही वर्षं गावात, शिकायला संगमनेरात राहिला, मुंबईत कारकुनी केली, पुढे रेल्वेत नोकरी केली, कविता लिहिल्या. १९७४ मध्ये त्यांचा ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह आला. आणि १९७८ मध्ये ग्रंथालीनं त्यांचं ‘बलुतं’ प्रसिद्ध केलं. तोवर महाराष्ट्र त्यांना दया पवार म्हणून ओळखायला लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, सर, ‘बलुतं’ हे आत्मकथन आहे, कादंबरी नाही. बरोबर आहे. दलित आत्मकथनांची जी मोठी रांग मराठीत लागली, तिच्या तोंडाशी हे पुस्तक उभं आहे. पण त्याची बांधणी बघा. पुस्तकात दोन माणसं आहेत. एक दया पवार, जो लेखक आहे, शहरात राहतो, चार लोकांत ऊठबस आहे. दुसरा दगडू मारुती पवार. दगडू बोलतो आणि दया ऐकतो. म्हणजे लेखकानं स्वतःचं आयुष्य ‘मी जन्मलो, मी शिकलो’ असं सरळ सांगितलं नाही. त्यानं एक पात्र उभं केलं, त्याला समोर बसवलं आणि सगळं त्याच्या तोंडून वदवलं. हे काम कादंबरीकाराचं आहे. त्यामुळे हे पुस्तक दोन्हीच्या मधल्या पट्ट्यात आहे असं मी मानतो, आणि आजच्या विषयाला तो पट्टाच सोयीचा आहे.

यात एक गंमत आहे. नेहमीच्या कादंबरीत काय होतं? कव्हरवर लेखकाचं खरं नाव असतं आणि आत नायकाला खोटं नाव दिलेलं असतं. लेखकाचं नाव सुरेश, नायकाचं नाव रमेश. वाचक रमेशच्या आड सुरेशला शोधत बसतो. ‘बलुतं’मध्ये हे नेमकं उलटं आहे. कव्हरवर आहे ते घेतलेलं नाव, दया. आणि आतल्या पात्राला दिलंय ते जन्माचं, शाळेच्या दाखल्यावरचं नाव, दगडू. खरं नाव पात्राच्या जागी गेलंय आणि घेतलेलं नाव लेखकाच्या जागी बसलंय. म्हणजे आड लपलाय तो दया. दगडू उघडा बसलाय.

असं का केलं असावं? याचं एक उत्तर नावातच आहे. दगडूला आपलं नाव आवडत नाही, आणि ते आवडत नाही हे तो लपवतही नाही. दगडू, धोंडू, कचरू ही नावं कुणाच्या वाट्याला येतात याचा त्यानं विचार केलेला आहे. पोरं जगत नाहीत म्हणून दगडधोंड्यांची नावं ठेवायची रीत सगळ्याच जातींत होती हे मला ठाऊक आहे. पण कुणाच्या नावाला पुढं ‘शेठ’ किंवा ‘पंत’ लागतं आणि कुणाच्या नावाचं ‘दगड्या’ होतं, फरक तिथं पडतो. शहरात लिहायला लागलेल्या माणसानं हे नाव बाजूला ठेवलं आणि ‘दया’ घेतलं. यात मला काही वावगं वाटत नाही. नाव बदलून माणूस थोडा मोकळा श्वास घेत असेल तर घेऊ द्यावा. पण पुस्तक लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेच टाकून दिलेलं नाव परत उचललं. जे नाव चारचौघांत उच्चारायला नको वाटायचं, ते पानापानावर लिहिलं.

आता मी काय करतोय ते बघा. बोलताना मी दया पवारांना ‘ते’ म्हणतोय आणि दगडूला ‘तो’. ठरवून केलेलं नाही, मराठीनं करून घेतलंय. माणूस एकच, पण एकाला अहो आणि दुसऱ्याला अरे. ही आपली भाषा आहे. तिच्यात आदर दाखवायचा की नाही हे क्रियापदालाच ठरवावं लागतं, मधली वाट नाही. दया पवारांना हे कळत असणारच. ज्याला समाज ‘तो’ म्हणतो त्याच्या तोंडी सगळी कहाणी दिली, आणि ज्याला ‘ते’ म्हणतात त्याला ऐकायला बसवलं.

मग दगडू काय सांगतो? तो नागपाड्याजवळच्या कावाखाना नावाच्या वस्तीचं सांगतो. बाप गोदीत कामाला, दारूचं व्यसन. वस्तीतल्या बायका चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे गोळा करायच्या. काही बायका जवळच्या वेश्यावस्तीतल्या बायकांचे कपडे धुवायच्या, काही त्यांना भाकरी करून द्यायच्या. आजूबाजूला नागपाडा, मदनपुरा, म्हणजे आपल्या लोकांची दाट वस्ती. ‘बलुतं’ वाचताना मला नेहमी वाटतं, की त्याच रस्त्यांवर, त्याच वर्षांत, यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या मोमिनाच्या पोरानं काय पाहिलं असेल? तेही कुणी मराठीत लिहायला हवं होतं.

बाप गेल्यावर गाव येतं. महारवाडा, मेलेली ढोरं, येसकराची पाळी, घरोघर फिरून मागून आणलेली भाकरी. गावकीची कामं आणि त्याबदल्यात सुगीला मिळणारा धान्याचा वाटा, तेच बलुतं. महार वतन १९५८ च्या कायद्यानं रद्द झालं, तेव्हा दया पवार तेवीस वर्षांचे होते. म्हणजे हे कुणाच्या पणजोबाच्या काळातलं नाही. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्या भाकरीवर ते वाढलेले आहेत.

इथं एक मिनिट थांबतो, कारण बलुतं हा शब्द आपल्यालाही परका नाही. बारा बलुतेदारांच्या ज्या याद्या आहेत, त्यांतल्या काहींत एक नाव मुलाण्याचं आहे. बकरं हलाल करून देणारा, मशिदीची देखभाल करणारा, आणि त्याबदल्यात खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घेणारा. आपल्या नगर जिल्ह्यात किती मुलाणी आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण बसस्टँडवर अजून लोक ‘नगर, नगर’ असंच विचारतात, मीही सवयीनं तेच म्हणतो.) मुलाण्याची आणि महाराची अवस्था सारखी होती असं मी म्हणत नाही, अजिबात नव्हती. मुलाण्याच्या सावलीचा विटाळ गाव मानत नव्हतं आणि त्याला मेलेलं ढोर ओढावं लागत नव्हतं. पण एकाच खळ्यावर दोघंही वाट पाहत उभे असत. त्या उभं राहण्याचं महाराच्या बाजूनं वर्णन झालं. मुलाण्याच्या बाजूनं त्या ताकदीचं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्याकडे मुलं कथा लिहून आणतात. आपल्या घरांतली मुलंमुली चांगली कथा लिहितात, भाषा स्वच्छ असते, काही तर बोलीतली फार गोड लिहितात. पण नायकाचं नाव राहुल. नायिका प्रिया. घरात देवघर आहे, आई दिवा लावते. मागच्या वर्षी एका मुलीनं कथा दाखवली, तिच्यात रमजानच्या महिन्यातलं सगळं वातावरण होतं, फक्त रमजानचं नाव नव्हतं. पहाटे उठून जेवणारं घर आहे पण का उठतात ते लिहिलेलं नाही. नायकाचं नाव समीर. मी विचारलं, समीरच का? ती म्हणाली, सर, समीर दोन्हीकडे चालतो.

मला त्या उत्तराचं वाईट वाटलं नाही. हुशार उत्तर आहे. भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगायचं की नुसतं नाव, हे आपल्यातल्या पुष्कळांना शिकावं लागतं. तेच शहाणपण तिनं कथेत वापरलं. पण दया पवारांनी जे केलं त्याच्या बरोबर उलटं ते आहे. त्यांनी चालणारं नाव बाहेर जगायला ठेवलं आणि न चालणारं नाव पुस्तकात घातलं. तिनं स्वतःचं नाव कथेवर पूर्ण लिहिलं होतं, आडनावासकट, आणि न चालणारं सगळं कथेतून काढून टाकलं होतं.

आपल्याकडे नावं बदलण्याची परंपराही लहान नाही. शाहीर अमर शेख सगळ्यांना माहीत आहेत. बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज लाखोंनी ऐकला. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांची मुलगी मलिका अमर शेख, तिनं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन लिहिलं. वडिलांनी घेतलेलं नाव मुलीनं वारशासारखं लावलं. तिकडे दया पवारांची मुलगी कवयित्री आहे, प्रज्ञा दया पवार. तिनंही मधलं नाव ‘दया’च लावलंय. घेतलेलं नाव पुढच्या पिढीत खरं होऊन जातं. आणि दगडू? तो फक्त पुस्तकात राहिला.

आता कादंबरीकडे वळतो, नाहीतर तुम्ही म्हणाल विषय सोडला. आपल्यातल्याच एका लेखकानं मराठीत लिहिलेली कादंबरी आहे, हमीद दलवाई यांची ‘इंधन’. १९६५ ची. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, १९३२ चा जन्म, तरुणपणी मुंबईला गेलेले. ‘इंधन’चा निवेदक कोकणातल्या मुसलमान घरातला आहे, बरीच वर्षं मुंबईत काढून, हृदयाचं दुखणं घेऊन विश्रांतीसाठी गावी परततो. गाव बदललेलं आहे. खोतांची घरं, कुळवाडी, महारवाडा, यांच्यातले जुने ताण नव्यानं वर येतायत. माणसांचे शरीराचे संबंध, जमिनीचे वाद आणि धर्म एकमेकांत असे गुंततात की शेवटी गाव पेटतं. दिलीप चित्रे यांनी या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर केलं.

इथं लेखक आणि नायक यांच्यातलं साम्य शोधणं फार सोपं आहे. कोकणातलं तेच गाव, तीच मुंबई, तेच मुसलमान घरात राहून घराबाहेरच्या नजरेनं बघणं. पण दोन ठिकाणी सावध राहा. पहिलं, दुखणं. दलवाई १९७७ मध्ये वयाच्या पंचेचाळिशीच्या आत मूत्रपिंडाच्या विकारानं गेले. पुष्कळ जण म्हणतात, बघा, नायकही आजारी आणि लेखकही आजारी. पण नायक १९६५ मध्ये आजारी होता, तेव्हा लेखक तिशीतला धडधाकट माणूस होता. नायकाचं आजारपण लेखकाच्या आयुष्यातून आलेलं नाही. ते कादंबरीची गरज म्हणून आलंय: ज्याला धड पळता येत नाही आणि भांडताही येत नाही, असा माणूस तिला साक्षीदार म्हणून हवा होता. दुसरं, दलवाईंचा तलाकविरोधी मोर्चा १९६६ चा आणि त्यांचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० चं. दोन्ही कादंबरीनंतरचं. आपण मात्र कादंबरी उलटी वाचतो, पुढचे दलवाई मागच्या नायकावर लादतो. दलवाईंची मतं तुम्हाला पटोत न पटोत, तो वाद वेगळा. त्या मतांसाठी कादंबरी वाचायला घेतलीत तर कादंबरी हातातून निसटेल. ‘इंधन’चा निवेदक काही बदलायला निघालेला नाही. तो बघतो, अडकतो आणि काही थांबवू शकत नाही. त्याच्या लेखकानं पुढे जे आयुष्य जगलं, ते या नायकाच्या स्वभावाच्या जवळजवळ विरुद्ध आहे.

म्हणजे दोन पद्धती झाल्या. दलवाईंनी स्वतःसारखा एक माणूस घेतला आणि त्याला स्वतःपेक्षा दुबळं केलं. दया पवारांनी स्वतःचेच दोन भाग केले आणि दुबळ्या भागाला बोलायला लावलं. दोघांनाही मधलं अंतर लागलं. ते अंतर नसतं तर काय झालं असतं? मला वाटतं, ‘मी’ म्हणून लिहिताना माणूस नकळत स्वतःची बाजू मांडायला लागतो, वकील होतो. दगडू स्वतःचा वकील नाही. पहिल्या बायकोवर घेतलेला संशय, तिला सोडून देणं, चळवळ रस्त्यावर असताना नोकरी सांभाळत बसल्याची टोचणी, शिकून वर आल्यावर आपल्याच माणसांत अवघडल्यासारखं होणं, हे सगळं तो सांगतो. हे दयाला सांगता आलं नसतं.

‘बलुतं’ आलं तेव्हा दोन प्रकारचे आवाज उठले. पांढरपेशा वाचकांनी डोक्यावर घेतलं, पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांनी भरभरून कौतुक केलं. आणि दलित समाजातून अनेक जण चिडले. आपल्या आयाबहिणींचं दैन्य, आपल्या वस्तीतली घाण, हे चारचौघांत का मांडलं? आता कुठं आपण ताठ मानेनं चालायला लागलोय, आणि हा सगळं उकरून दाखवतोय.

हा प्रश्न तुम्ही ऐकलाय. आपल्या घरात तर रोज ऐकतो. घर की बात घर में. लोक आधीच आपल्याबद्दल काय काय बोलतात, टीव्हीवर काय चाललंय बघतोस ना, त्यात तू आणखी भर घालणार का? मी हा प्रश्न झटकून टाकत नाही. तो भित्र्यांचा प्रश्न नाही. ज्यांच्यावर आधीच बोट रोखलेलं आहे, त्यांना आपल्या घरातली भांडणं उघड्यावर नको वाटतात यात चूक काय? तुमच्या कथेतला एक वाईट नवरा शेजारच्या माणसाला ‘यांच्यात असंच असतं’ म्हणायला पुरतो. राहुल वाईट निघाला तर तो एकटा राहुल वाईट असतो, रफिक वाईट निघाला की अख्खी वस्ती.

पण म्हणून रफिकला फक्त चांगलंच ठेवायचं का? मग तो माणूस उरत नाही, ईदच्या जाहिरातीतला शेवयांची वाटी घेतलेला शेजारी होतो. त्याला राग येत नाही, कंटाळा येत नाही, तो बापाशी भांडत नाही. दया पवारांपुढेही हीच अडचण होती आणि त्यांनी काढलेला मार्ग मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी वस्तीची घाण सांगितली, पण सगळ्यात जास्त उघडं स्वतःला केलं. दगडू दुसऱ्यांवर जितका कठोर आहे त्याहून स्वतःवर जास्त आहे. त्यामुळे तो वस्तीकडे बोट दाखवणारा बाहेरचा माणूस वाटत नाही. शिवाय तो त्या घाणीचा हिशेबही देतो: ती कुठून आली, कुणी लादली, तिच्यावर कोण जगलं. पुस्तकाचं नावच तो हिशेब आहे. हे दुःख त्यानं कमावलेलं नाही, गावानं वाटून दिलेला तो वाटा आहे.

तरी एका गोष्टीचं समाधान मला या पुस्तकानं दिलेलं नाही. दगडू स्वतःला उघडं करतो हे ठीक, तो त्याचा हक्क आहे. पण त्याच्याबरोबर आई उघडी होते, बायको उघडी होते. त्यांना कुणी विचारलं? लेखकाकडे दोन नावं होती, एक लपायला आणि एक बोलायला. त्या बायकांकडे एकच होतं. नायकाला पश्चात्ताप होतो म्हणून त्या बाईची बाजू पुस्तकात आली असं होत नाही. पुढे शांताबाई कांबळे यांचं ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ आलं, तेव्हा ती बाजू बायकांनी स्वतः लिहिली. ‘बलुतं’ वाचून झाल्यावर यांतलं निदान एक वाचाच. इथं बसलेल्या मुलांना हे जरा जास्त सांगतोय. तुम्ही कथेत बहिणीबद्दल लिहाल, तेव्हा ती कथा आधी बहिणीला वाचायला द्या. ती काय काढायला सांगते ते ऐका. आणि ती काय घालायला सांगते ते तर नक्की ऐका.

दया पवारांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. २० डिसेंबर १९९६ ला दिल्लीत ते गेले. यातलं काहीच दगडूच्या वाट्याला आलेलं नाही, तो १९७८ मध्येच पुस्तकात थांबलाय. म्हणून लेखक आणि नायक एकच का, या सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: पुस्तक छापून होईपर्यंत कदाचित असतील. त्यानंतर लेखक पुढे निघून जातो आणि नायक तिथंच राहतो, वाचणाऱ्यांशी बोलत.

पुढच्या बैठकीसाठी ‘बलुतं’ची पहिली तीस पानं आणि ‘इंधन’चं सुरुवातीचं प्रकरण वाचून या. ‘बलुतं’च्या जुन्या प्रती सार्वजनिक वाचनालयांत बहुतेक असतात. मिळाली नाही तर चौघांत मिळून एक विकत घ्या. आणि ज्यांच्या वहीत एखादा समीर आहे, त्यांनी ती वही सोबत आणावी. नाव बदला असं मी सांगणार नाही. त्याचे घरचे त्याला काय म्हणून हाक मारतात, एवढंच विचारणार आहे.

आता तुम्ही बोला. मागच्या रांगेतून कुणाचा तरी हात केव्हाचा वर आहे.